पट्टा पडल्यावर ट्रॉलीचं काय? ऊस वाहतूकदारांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निपाणी, चिकोडी, संकेश्वर, रायबाग, अथणी, कागवाड आणि इकडे बेळगाव-खानापूर भागात ऊस ओढणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉलीवाल्यांसाठी हे पान आहे. फेब्रुवारी-मार्चात कारखान्यांचे पट्टे पडायला लागले, म्हणजे गाळप बंद व्हायला लागलं, की आमच्या गॅरेजात हेच प्रश्न फिरून फिरून येतात. तोंडी सांगितलेलं घरी पोचेपर्यंत निम्मं विसरतं, म्हणून लिहून ठेवलं. दर मात्र लिहिलेले नाहीत; लोखंडाचा आणि टायरचा भाव आज एक, उद्या एक.

हंगाम आत्ताच संपलाय. दुरुस्ती दसऱ्याच्या तोंडावर केली तर काय बिघडतं?

पावसाळा मध्ये येतो, तो बिघडवतो. ट्रॉली हंगामात झिजते हे खरं, पण ती कुजते उभी असताना. उसाचा रस, चिखल आणि पाचटाचा भुगा चेसीच्या कोपऱ्यांत बसलेला असतो. रस आंबतो, त्याचं आम्ल होतं, वर साखर हवेतला ओलावा धरून ठेवते. त्यावर जून ते सप्टेंबर पाऊस पडला, की मार्चात तारेच्या ब्रशने निघाला असता तो गंज ऑक्टोबरात पत्र्याला आरपार भोक पाडतो. हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या बेअरिंगच्या घरात, पाणी शिरलं असेल तर तिथेही तेच. नुसती उभी राहून बेअरिंग गंजते.

दुसरं कारण मेस्त्रीचं. दसऱ्याच्या आधी पंधरा दिवस प्रत्येक वेल्डिंगच्या दुकानापुढे ट्रॉल्यांची रांग असते. खंडेनवमीला सगळ्यांना गाडी पुजायची असते आणि लगेच कारखान्याकडे लावायची असते. त्या गर्दीत तडा बुजवला जातो, दुरुस्त होत नाही. मार्च-एप्रिलमध्ये तोच मेस्त्री रिकामा असतो, चार पैसे कमी घेतो, आणि मुख्य म्हणजे वेल्डिंगआधी घासायला त्याच्याकडे वेळ असतो. मे उजाडला की तो नांगर, रोटाव्हेटर आणि पेरणीयंत्रात अडकला म्हणून समजा.

म्हणून धुणं, उघडून बघणं, वेल्डिंग आणि रंग ही चार कामं मिरगाच्या आत उरका. सामान बदलणं, टायर, लाईट, रिफ्लेक्टर पुढे ढकलले तरी चालतात.

पहिलं काम कोणतं?

वही घेऊन ड्रायव्हरच्या शेजारी बसणं. हे काम हंगामाच्या शेवटच्या आठवड्यात, तो गावाकडे जायच्या आधी झालं पाहिजे. विजापूरकडचा किंवा बीडकडचा ड्रायव्हर एकदा हिशेब करून गेला, की त्याच्याबरोबर सगळी माहिती जाते. कोणत्या चाकाचा हब कारखान्याच्या केनयार्डात हाताला चटका देतो, मागची ट्रॉली भरल्यावर एका अंगाला का कलते, उतारावर ब्रेक कोणत्या बाजूला ओढतो, कोणत्या वळणावर हूक कटकट करतो, हे मालकाला माहीत नसतं. ड्रायव्हरला सगळं ठाऊक असतं. कुणी विचारत नाही म्हणून तो बोलत नाही. उचलीचा हिशेब करायच्या आधी विचारा. नंतर माणसाचं मन लागत नाही.

नंतर रिकामी ट्रॉली सपाट जागेवर उभी करून मागून बघा. चाकं सरळ उभी आहेत का, दोन्ही बाजूंची उंची सारखी आहे का. पुढून हूकपासून मागच्या ॲक्सलच्या दोन्ही टोकांपर्यंत दोरी धरून मोजा. दोन मापांत फरक आला तर ॲक्सल सरकलाय. टायर एका बाजूने का झिजतो याचं उत्तर बहुतेक वेळा इथेच सापडतं.

धुवायची कशी? सर्व्हिसिंग सेंटरवर प्रेशरने मारली तर चालेल ना?

चेसीला चालेल, हबच्या तोंडावर नको. प्रेशरचं पाणी ऑइल सीलच्या ओठातून आत जातं आणि ग्रीसचं पांढरं लोणी करून ठेवतं. हब, पाट्यांच्या (स्प्रिंगच्या पट्ट्यांच्या) पिना आणि डंपिंगच्या जॅकचा सांधा साध्या पाइपने धुवा.

धुण्याआधी खरवडा. चिकोडी-अथणीकडची काळी माती सुकली की चॅनलच्या पोटात विटेसारखी बसते. वरून पाणी मारून ती फक्त भिजते, निघत नाही. लोखंडी पट्टी घ्या आणि चॅनलच्या आतल्या बाजूने, अँगल जिथे चॅनलला जुळतो तिथून, फळ्यांच्या खाचांतून ओढून काढा. तळाच्या पत्र्याला पाणी निघायची भोकं असतील तर ती मोकळी करा. नसतील तर मेस्त्रीकडून पाडून घ्या. धुतल्यावर दोन-तीन दिवस कडक उन्हात, पुढचं टोक थोडं वर करून उभी ठेवा. ओलीवर रंग मारला तर आतला गंज रंगाच्या खाली सुखाने वाढतो.

तळाला जळकं ऑइल मारून ठेवतात, ते बरोबर का?

आमचे आजे-पणजे मारत होते आणि काहीच न करण्यापेक्षा ते बरंच होतं. पण माझं मत विचाराल तर नको. पहिल्या चार जोराच्या पावसांत ते धुऊन जातं आणि ट्रॉली जिथे उभी आहे तिथल्या मातीत मुरतं. शेजारी विहीर किंवा गोठा असेल तर विचार करा. दुसरं, एकदा जळकं ऑइल पिलेल्या पत्र्यावर पुढे कितीही घासलं तरी रंग धरत नाही, आणि वेल्डिंग करताना धूर नि भोकं येतात. तिसरं, ते टायरवर ओघळलं की रबर फुगून मऊ पडतं. हूकची पिन, जॅकचा दांडा, बोल्टचे आटे यांना ग्रीस लावा, तिथे ते योग्य आहे. पत्र्याला रंगच हवा.

रंग कधी आणि किती हात?

एप्रिल ते मेचा पहिला पंधरवडा. वळीव दुपारनंतर येतो म्हणून काम सकाळी. भर दुपारी मारू नका. उन्हाने तापलेल्या पत्र्यावर रंग वरून लगेच सुकतो, आतून ओला राहतो आणि फोड येतात. पत्रा हाताला सोसवेल इतपत गार हवा.

सैल गंज तारेच्या ब्रशने किंवा ग्राइंडरवरच्या वायर-व्हीलने काढा, थिनरच्या फडक्याने पुसा आणि त्याच दिवशी रेडऑक्साईड मारा. उघडं लोखंड रात्रभर ठेवलं तर सकाळी पुन्हा तांबूस होतं.

आणि आता नेहमीचा वाद. रेडऑक्साईड म्हणजे रंग नव्हे. तो खालचा हात आहे, सच्छिद्र असतो, पाणी पितो. इकडे कितीतरी ट्रॉल्या नुसत्या लाल हातावर पावसाळा काढतात आणि मालक म्हणतो, रंग मारूनसुद्धा गंजली. त्यावर इनॅमलचे दोन हात पाहिजेत. पैसे कमी असतील तर फळ्यांची बाहेरची बाजू सोडा, नाव-नक्षी पुढच्या वर्षी बघू. पण चेसीचं पोट, तळाच्या पत्र्याची खालची बाजू आणि सगळे वेल्डिंगचे सांधे पूर्ण करा. लोक नेमकं उलट करतात. बाहेरून फुलं, वाघ आणि देवाचं नाव, खाली नागडं लोखंड.

खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडच्यांनी तर यात काटकसर करूच नये. तिकडचा पाऊस आणि अथणीचा पाऊस एका तालुक्याच्या पावसासारखे धरून चालत नाही.

पुढच्या त्रिकोणाला बारीक तडा दिसतोय. वरून वेल्डिंगचा टाका मारला की झालं ना?

नाही. हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि सगळ्यात जास्त ट्रॉल्या इथेच तुटतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

ट्रॉलीचा सगळा ओढा हूकच्या डोळ्यातून पुढच्या त्रिकोणात आणि तिथून चेसीच्या दोन चॅनलांत जातो. दोन ट्रॉल्या जोडल्या असतील तर पुढच्या ट्रॉलीच्या मागच्या हूकपाशीही तेवढाच ताण. तडा बहुतेक वेळा जुन्या वेल्डिंगच्या कडेला सुरू होतो. बघायची रीत अशी: सकाळच्या तिरक्या उन्हात किंवा हातातली बॅटरी आडवी धरून सांध्याच्या कडेने डोळा फिरवा. रंगावर केसासारखी तांबडी रेघ दिसली, तिच्या दोन्ही बाजूंना रंग शाबूत असला, तर तो ओरखडा नाही. आतून गंजाचं पाणी बाहेर येतंय. नखाने खरवडून बघा; ओरखडा पुसतो, तडा राहतो. शंका असेल तर जागा स्वच्छ करून डिझेलने ओली करा, पुसून कोरडी करा आणि वर खडूची पूड चोळा. थोड्या वेळाने तड्यातलं डिझेल खडूत उमटून ओली रेघ दिसते.

आता दुरुस्ती. तडा जिथे संपतो त्याच्या किंचित पुढे चार-पाच मिलिमीटरचं भोक पाडायचं, म्हणजे तो पुढे धावत नाही. मग ग्राइंडरने तड्यावर व्ही-आकाराची चर काढायची, अगदी तळापर्यंत. मग भरायचं. त्यासाठी ७०१८ चा रॉड वापरायला सांगा आणि तो कोरडा, गरम करून घेतलेला असावा. पोत्यात पावसाळाभर पडलेला रॉड वापरला तर वेल्डिंगच्या आत बुडबुडे राहतात. वर पट्टी मारायची असेल तर ती लांबट, टोकाला निमुळती हवी, आणि चॅनलच्या वरच्या-खालच्या कडेवर आडवा टाका मारायचा नाही. पुढचा तडा तिथूनच येतो. तडा न खोदता वरून चढवलेला टाका म्हणजे फाटलेल्या धोतराला चिकटपट्टी. जानेवारीत, भरल्या ट्रॉलीसकट, घाटात सुटतं.

दोन गोष्टी मेस्त्रीला आठवण करून द्या. ट्रॉली ट्रॅक्टरला जोडलेली असेल तर सोडा, नाहीतर निदान बॅटरीची वायर काढा. नाहीतर अल्टरनेटर जातो. आणि अर्थिंगचा चिमटा वेल्डिंगच्या अगदी जवळ लावा. तो मागच्या चाकाच्या नटाला लावला तर करंट बेअरिंगमधून जातो आणि रोलरवर ठिणग्यांचे खड्डे पडतात. वेल्डिंग झालं आणि महिन्याभरात बेअरिंग का वाजायला लागली, हे कोडं मग कुणालाच सुटत नाही.

शेतात पंपाच्या लाईनवर मशीन लावून हे काम करू नका. थ्री-फेज किती वेळ टिकेल आणि व्होल्टेज किती येईल याचा भरवसा नाही, आणि कमी करंटवर टाका नुसता वर बसतो.

तळाचा पत्रा बदलावा की ठिगळ मारावं?

हातोडीने ठोकत जा. टणटण वाजला तर ठीक, भद्द वाजला तर खाली संपलाय. एखाद-दोन ठिकाणीच भद्द असेल तर ठिगळ. चाकाच्या वरचा सगळा पट्टा तसाच वाजत असेल तर तो तुकडा पूर्ण कापून नवा टाका. ठिगळावर ठिगळ चढवून ट्रॉलीचं वजन वाढतं आणि दोन पत्र्यांच्या मध्ये पाणी साठतं ते वेगळंच.

हब दरवर्षी उघडायलाच पाहिजेत का? ग्रीस मारलं की भागत नाही?

ग्रीस-निप्पलमधून पंपाने मारलेलं ग्रीस बेअरिंगपर्यंत जाईलच असं नाही; बऱ्याचदा ते हबच्या पोकळीत साठतं आणि उन्हाळ्यात सील फोडून रिमवर ओघळतं. दरवर्षी एकदा उघडा. सगळ्या चाकांचं काम दोन माणसांचं एका दिवसाचं आहे.

ॲक्सलखाली भक्कम ठोकळे घ्या, नुसत्या जॅकवर चाक काढू नका. उघडण्याआधी वरचं आणि खालचं टोक धरून चाक हलवा, मग हळू फिरवा. खरखर कानाला ऐकू येण्याआधी हाताला कळते. टोपी काढा, स्प्लिट पिन सरळ करून काढा, नट सोडा आणि बाहेरची बेअरिंग हातात घ्या. ग्रीस काळं असेल तर वय झालंय. पांढुरकं, दुधाळ असेल तर पाणी शिरलंय. बोटावर चोळून बघितल्यावर चमचमणारे कण दिसले तर लोखंड सुटतंय.

बेअरिंग डिझेलमध्ये धुवा, फडक्याने कोरडी करा. कॉम्प्रेसरच्या हवेने गरगर फिरवू नका, पोरं मजा म्हणून करतात. ग्रीसशिवाय फिरवलेली बेअरिंग खराब होते आणि फुटली तर रोलर डोळ्यात जातो. आता रोलर एकेक करून बघा. निळसर-तपकिरी झाक म्हणजे तापली होती. बारीक खड्डे, सोललेले पापुद्रे, किंवा रोलरच्या अंतराने कपावर (बेअरिंगच्या बाहेरच्या कड्यावर) पडलेल्या आडव्या गंजरेघा दिसल्या, तर ती बदलायची. या रेघा उभ्या राहिलेल्या ट्रॉलीची खूण. बदलताना हबमध्ये बसलेला कपसुद्धा बदला. जुन्या कपात नवीन बेअरिंग घालणारे खूप आहेत; दुकानदारही मागितल्याशिवाय कप देत नाही.

ग्रीस तळहातावर घेऊन बेअरिंगच्या रुंद बाजूने दाबत दाबत भरा, दुसऱ्या बाजूने वर येईपर्यंत. हबची पोकळी गच्च भरू नका. ऑइल सील दरवेळी नवा. तेवढा खर्च वाचवू नये. नट घट्ट करताना चाक फिरवत राहा. चाक जड झालं की नट एक-षष्ठांश ते पाव फेरी मागे घ्या, पिनेचं भोक जुळवा आणि नवी स्प्लिट पिन घाला. जुनी पिन सरळ करून परत घालणं किंवा खिळा वाकवून घालणं, हे बंद करा. चाक निखळण्याची बातमी वाचतो ना आपण, तिच्या मुळाशी बऱ्याचदा असला खिळाच असतो.

पाटे आणि यू-बोल्ट?

तुटलेला पाटा लगेच दिसतो. सैल यू-बोल्ट दिसत नाही. पाट्याच्या मध्यावर, ॲक्सलच्या गादीपाशी, चकाकणारी घासलेली जागा दिसली तर तो हललाय. तसाच चालवला तर मधला बोल्ट तुटतो आणि ॲक्सल सरकतो. यू-बोल्टचे आटे ओढले गेले असतील तर जोडी बदला. पिन आणि बुश यांत खेळ असेल तर लेथवर बुश काढून घ्या, महाग पडत नाही.

टायर काढून ठेवू का? उभ्या ट्रॉलीला हवा किती?

काढले तर उत्तम, नाही काढले तर निदान चाकं जमिनीवरून उचला. ॲक्सलखाली ठोकळे आणि ठोकळ्याखाली फरशी, म्हणजे पावसात मातीत रुतत नाही. पाच-सहा महिने एकाच जागी वजन पडलं की टायर तिथे चपटा होतो आणि बाजूला भेगा पडतात. उचललेल्या टायरात थोडी हवा राहू द्या.

काढलेले टायर उभे, सावलीत, लाकडी फळीवर ठेवा. वेल्डिंग मशीन, मोटर किंवा बॅटरी चार्जरच्या खोलीत नकोत. ठिणगीतून ओझोन तयार होतो आणि तो रबराला भेगा पाडतो. डिझेल, ऑइल, पॉलिश काही लावू नका, साबणाच्या पाण्याने धुतले की पुरे.

जुना टायर घेताना बाजूवरचा चार आकडी शिक्का बघा. ३४२२ म्हणजे २०२२ सालच्या ३४ व्या आठवड्यातला. नक्षी ताजी दिसते म्हणून भुलू नका, रिमोल्ड केलेल्या, म्हणजे वरून नवं रबर चढवलेल्या टायराच्या आतलं कापड जुनंच असतं.

वायररोप, साखळ्या आणि हूकची पिन यांचं काय बघायचं?

कारखान्याच्या गव्हाणीवर, म्हणजे ऊस टाकतात तिथे, क्रेनने मोळ्यांचा अख्खा थर उचलतात तो वायररोपवर. हातमोजे घालून रोपवरून फडकं ओढा. जिथे अडकेल तिथे तार तुटली. एका ठिकाणी बऱ्याच तारा तुटलेल्या, दोर चपटा झालेला किंवा पिळलेला असेल तर तो भंगारात. शेतातल्या बाकीच्या कामालाही देऊ नका, कुणाच्या तरी हातात सुटेल. चांगल्या दोरांना ऑइल लावून गुंडाळून टांगून ठेवा.

हूकची पिन मधल्या भागात किती झिजली ते वरच्या भागाशी ताडून बघा. बोटाला स्पष्ट पायरी लागली तर नवीन घ्या. लेथवाल्याकडून साध्या सळईची करून घेऊ नका. मऊ पिन एका हंगामात संपते. हूकचा डोळा लांबोळका झाला असेल तर तोही बदलायचा, त्यात वेल्डिंग भरून भागवू नका.

डंपिंगची ट्रॉली आहे. जॅक कसा ठेवायचा?

पूर्ण बसलेला. चकचकीत दांडा बाहेर राहिला तर त्यावर गंजाचे ठिपके येतात आणि ते ठिपके सील कापतात. जो भाग बाहेर राहणारच आहे त्याला ग्रीस. ट्रॉली उचललेल्या अवस्थेत खाली काम करायचं असेल तर लोखंडी टेकण लावल्याशिवाय हात घालू नका, पाइप फुटायला कारण लागत नाही.

ट्रॅक्टर तर उभाच राहत नाही. त्याची देखभाल कधी?

बरोबर आहे, पट्टा पडला की खोडव्याची कामं, मग नांगरट, रोटर, पेरणी. म्हणून हंगाम आणि नांगरट यांच्यातले आठ दिवस त्याला द्या. इंजिन ऑइल आणि फिल्टर बदला. जुन्या ऑइलमध्ये आम्ल जमलेलं असतं. डिझेल फिल्टरखालचं पाणी सोडा. एअर क्लीनर ऑइलचा असेल तर वाटीत बोटभर चिखल सापडेल. रेडिएटरच्या जाळीत पाचटाचा भुगा अडकतो, तो आतून बाहेर हवा मारून काढा, आणि बोअरचं क्षाराचं पाणी भरू नका, कुलंट घाला.

दोन ट्रॉल्या ओढलेल्या ट्रॅक्टरच्या तीन जागा हमखास बघाव्यात: क्लच, पुढच्या ॲक्सलचे बुश आणि ब्रेक. चढावर पुढची चाकं उचलतात, मग स्टेअरिंग हलकं लागतं आणि दणका बसतो तो किंगपिनला. रस्त्यावर चालवताना दोन्ही ब्रेक-पॅडल एकत्र जोडायला एक पट्टी असते. निम्म्या ट्रॅक्टरांवर ती वाकवून बाजूला टाकलेली असते. ती सरळ करून घ्या.

ट्रॅक्टर खरोखरच दोन-तीन महिने उभा राहणार असेल, तर डिझेल टाकी भरून ठेवा म्हणजे आत घाम धरत नाही, सायलेन्सरवर डबा पालथा घाला, आणि क्लच पॅडल लाकडाच्या ठोकळ्याने दाबून ठेवा, प्लेट चिकटत नाही. बॅटरीची वजा वायर आधी काढा. पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, १२.४ च्या खाली गेली की चार्ज करा. महिना-दीड महिन्याने तपासा. आणि सीटखाली पोतं-चिंध्या ठेवू नका, उंदीर तिथे घर करतो आणि वायरिंग खातो.

आमचं गाव नदीकाठी आहे. पुराचं काय?

कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा, हिरण्यकेशी, घटप्रभा, कोणत्याही काठचे असा, जूनच्या शेवटी ट्रॉली माळावर किंवा पाहुण्यांच्या वरच्या गावात नेऊन ठेवा. २०१९ च्या ऑगस्टात वेदगंगेचं पाणी यमगर्णीजवळ हायवेवर आलं होतं, मळ्यातल्या ट्रॉलीला कोण विचारतो. कोयनेचा विसर्ग किती नि अलमट्टीची पातळी किती, यावर कट्ट्यावर रात्रभर वाद घाला, पण ट्रॉली आधी वर काढून. म्हणूनच टायर काढून ठेवायचा सल्ला काठावरच्यांना मी देत नाही. चाकं लावलेली आणि हूक मोकळा असू द्या.

हबच्या वर पाणी चढलं असेल तर, मग ते एका रात्रीपुरतं का असेना, ओसरल्यावर आठवड्याच्या आत सगळे हब उघडा. ट्रॅक्टर बुडाला असेल तर स्टार्टर मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी असलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी सगळी ऑइलं आणि डिझेल सोडून मेस्त्रीला बोलवा. आणि साफ करायच्या आधी फोटो काढा, विमा कंपनीला चिखलासकट दाखवावं लागतं.

वाहतुकीचं बिल अजून आलं नाही. कमी पैशात काय आधी करू?

ज्याने माणूस मरेल ते आधी: त्रिकोणाचे तडे, हूक-पिन, हब, ब्रेक. मग पावसाने जे वाढेल ते: गंज, पत्रा, चेसीचा रंग. टायर आणि फळ्या बिल आल्यावर. ट्रॉल्यांची नवी जोडी घ्यावी का असंही विचारतात. दोन्ही चॅनल सरळ असतील तर जुनी ठेवा. चॅनलच वाकला असेल आणि एकदा तोडून जोडलेला असेल, तर त्यात पैसे घालू नका, शेणखत वाहायला ठेवा.

सामान बेळगावात घ्यावं की कोल्हापुरात?

निपाणीपासून दोन्ही पर्याय आहेत, म्हणून हा प्रश्न. बेअरिंग-सील कुठेही घ्या, पण नेहमीच्या दुकानातून आणि बिलासह. नकली माल दोन्हीकडे आहे. लेथ, हायड्रॉलिक आणि ओतकामाला बेळगावचं उद्यमबाग जुनं नि चांगलं आहे. ट्रॉलीच्या बॉडीचं मोठं काम असेल तर कोल्हापूरकडे कारागीर खूप. एका जागी दर विचारून दुसरीकडे सांगू नका, दोघांनाही एकमेकांचे दर माहीत असतात.

टायरगाडीला, म्हणजे बैलगाडीला, हेच लागू का?

हब आणि टायरचं सगळं हेच. जू आणि लाकडी भाग सावलीत, जमिनीपासून उंच ठेवा, जवसाचं तेल द्या. कर्नाटकी बेंदराला बैलांबरोबर गाडीही धुतात आपल्याकडे, ती धुण्याच्या निमित्ताने नट-बोल्ट आवळून टाका.

रिफ्लेक्टर, लाईट, कागद, हे कधी?

सप्टेंबरात. आधी लावलेल्या पट्ट्या पावसात आणि चिखलात खराब होतात. मागे लाल, बाजूला पिवळी, पुढे पांढरी पट्टी. पत्रा थिनरने पुसून कोरड्यावर लावा. ऊस भरल्यावर वाढे, म्हणजे उसाचे शेंडे, मागे लोंबतात आणि मागचा लाल पट्टा झाकतात, म्हणून तो जितका खाली आणि कडेला घेता येईल तितका घ्या. अंधारात उभ्या ट्रॉलीवर मोटरसायकल आदळते ती यामुळेच. मागचे लाईट वायर ओढून चालू करा. वायर चेसीच्या आतून न्या, म्हणजे ऊस उतरवताना तुटत नाही.

विमा हंगामापुरता चालू ठेवून मध्ये सोडून देणारे बरेच आहेत. उन्हाळ्यात ट्रॉली माती-खत वाहायला रस्त्यावर येतेच, आणि तिसऱ्या पक्षाचा विमा १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार रस्त्यावर येणाऱ्या गाडीला हवाच. ट्रॅक्टरचा विमा आहे म्हणजे ट्रॉलीचा आहे असं धरू नका, पॉलिसीत ट्रॉलीची नोंद वेगळी बघा. केए-२३ ची (चिकोडी पासिंगची) गाडी कागल-शिरोळकडच्या कारखान्याला लावणार असाल किंवा एमएच-०९ ची (कोल्हापूर पासिंगची) इकडे, तर आरसी, विमा आणि ड्रायव्हरचं लायसन डिजीलॉकरवर घेऊन ठेवा, सीमेवरच्या कोगनोळीच्या पुढे-मागे कुठेही अडवलं तर दाखवता येतं. चेसी नंबर रंगाखाली गेला असेल तर तेवढी जागा थिनरने पुसून मोकळी करा आणि वर पारदर्शक वार्निशचा हात मारा.